सहाशेनंतरची शंभर पावलं

आयुष्यात मला पुष्कळांनी हात दिला, पण त्यातलं एकच नाव सांग म्हटलं तर मी काशीबायचं सांगीन. ती माझ्या नात्यातली नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडील पनवेलच्या एका भातगिरणीत पोती उचलायचे, आणि माझा निकाल लागला त्या दिवशी गिरणीतल्या सगळ्यांना त्यांनी पेढे वाटले होते, भुशाने माखलेल्या हातांनी. अशा घरातून शिकून बाहेर पडलेल्या मला मुलांना शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे कॉलेजात कळलं नाही. ते कळलं खाडीच्या बांधावर, काशीबायच्या पाठीमागून चालताना. आणि ज्या रीतीने कळलं ती आठवली की अजूनही माझ्या दंडावर काटा येतो.

गावाचं नाव लिहीत नाही. ते आता तिथे नाही. विमानतळाच्या भरावाखाली गाव, खार जमीन आणि बांध असं सगळंच गेलं आणि माणसं करंजाड्याकडच्या इमारतींत राहायला आली. मी गेलो तेव्हा ते तिन्ही बाजूंनी खाडीने वेढलेलं तीस-चाळीस घरांचं गाव होतं. शाळेतले मास्तर लांबच्या रजेवर गेले होते, त्यांच्या जागी मला तात्पुरतं घेतलं होतं. थंडीत तपासणीचे साहेब येऊन वर्ग बघतील, त्यांनी शेरेबुकात बरं लिहिलं तर जागा पुढे चालू राहील, नाहीतर मी परत गिरणीच्या दारात. वडिलांनी मला एवढंच सांगितलं होतं, “पोती उचलायला मी आहे. तू परत येऊ नको.” ते प्रेमाने बोलले होते, पण मला ते वाक्य झोपेतही ऐकू यायचं.

शाळा गावात नव्हती. उधाणाचं पाणी गावात शिरायचं म्हणून ती पलीकडे, रस्त्याकडच्या उंचवट्यावर बांधलेली. गाव आणि शाळा यांच्यामध्ये खारं पाणी अडवणारा मातीचा बांध होता, एका वेळी एकच माणूस चालेल एवढ्या रुंदीचा. त्याच्या एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला चिखल, तिवरं आणि खाडी. मी काशीबायच्या ओटीवर राहायचो. घरात ती आणि तिची नात सुगंधा, दोघीच. मुलगा-सून उरणला बंदरावर कामाला होती. सुगंधा माझ्याच वर्गात, दुसरीत. घर सकाळपासून आवाजांनी भरलेलं असायचं. तांदळाची भाकरी थापताना परातीवर होणारा थपथप आवाज, मागच्या अंगणात सुकट निवडतानाचा सळसळाट, चुलीवरच्या पेजेचा बुडबुड, आणि या सगळ्याच्या वर काशीबायचं बोलणं. “मास्तर, निवटं खातंव का नाय? पनवेलची माणसं चिखलातला मासा बघून तोंड वाकडा करतात.” मी खाल्लं. पुढे इतकं आवडलं की रविवारी घरी गेल्यावर आईच्या वरणाला चव लागेना.

त्या घरात मला पहिल्यांदा ते जाणवलं. काशीबाय मागच्या अंगणात सुके बोंबील मोजत होती. शंभर झाले की ती एक शिंपली बाजूला ठेवायची आणि मोठ्याने म्हणायची, “शंभर.” मग “दोनशे.” मी ओटीवर मुलांच्या पाट्या तपासत होतो. “पाचशे” झालं, “सहाशे” झालं. मग बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की घर गप्प आहे. सुगंधा वाटीत लसूण ठेचत होती, तिचा बत्ता हवेत थांबला होता. शेजारची बाई कुंपणाशी बोलत उभी होती, तिचं वाक्य अर्ध्यावर राहिलं होतं. मी वाकून पाहिलं, तर काशीबायने सातवी शिंपली जमिनीवर टेकवली होती, आवाज न करता, निजलेल्या मुलाला खाली ठेवावं तशी. एक बोट वर धरलं होतं आणि मान खाडीच्या बाजूला कललेली. आपण दहा अंक मनात मोजू एवढा वेळ गेला. मग बोट खाली आलं, बत्ता वाजला, शेजारणीने राहिलेलं वाक्य पुरं केलं. आणखी शंभर बोंबील मोजून झाले तेव्हा काशीबाय म्हणाली, “आठशे.”

मी ते गावंढळ सोवळं-ओवळं समजून सोडून दिलं. आपण शिकलेले आहोत याची मला तेव्हा फार जाणीव असे.

मग वर्गात शतकांची मोजणी आली. पहिली-दुसरीची मिळून बारा मुलं, सगळी याच गावची. मी त्यांना चिंचोके गोळा करून आणायला सांगितले होते. दहादहाचे ढीग, दहा ढिगांचा एक मोठा ढीग, असे शंभराचे नऊ ढीग जमिनीवर मांडले आणि म्हटलं, “आता एकेक चिंचोका मोजायचा नाही. एकेका ढिगावर बोट ठेवायचं आणि शंभराने उडी मारायची.” मला वाटलं होतं आठवडा जाईल. मुलांनी पहिल्याच दिवशी मला गार केलं. बाराच्या बारा एका सुरात, “शंभर, दोनशे, तीनशे, चारशे, पाचशे, सहाशे.” आणि थांबली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. बारा माना एकाच वेळी खिडकीकडे, खाडीच्या दिशेने वळल्या. पहिलीतला एक शेंबडा पोरगा सतत नाक ओढायचा, त्याचंही नाक ओढणं थांबलं. मी श्वास रोखून उभा. मग माना परत फिरल्या आणि बारा आवाज म्हणाले, “आठशे, नऊशे.”

“सातशे कुठे गेले?” मी विचारलं.

मग मी सुगंधाला फळ्याशी बोलावलं. तिने ७०० असं सुरेख लिहून दाखवलं. सहाशेत शंभर मिळवले तर किती, तेही लिहिलं. म्हटलं, “मग बोल ना तोंडाने.”

“तो बोलाचा नसतो मास्तर,” ती म्हणाली.

“का?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच दुसरीत आहे. “आयकाचा असतो.”

त्या संध्याकाळी जेवताना मी काशीबायला विचारलं. ती माझ्या ताटात जवळ्याची चटणी वाढत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. “तुमी बांधावरून रोज आमच्या मागनं येतंव. बघतंव नाय का?”

बघत होतो. पण बघणं आणि समजणं यात अंतर असतं. रोज सकाळी काशीबाय मुलांची रांग घेऊन बांधावरून निघायची. पावलं मोजायची. दर शंभर पावलांना ती पुकारायची आणि मुलं मागून म्हणायची. थंडीच्या दिवसांत खाडीवरून धुकं यायचं, पुढचं पोर दिसायचं नाही, तेव्हा आपण कुठवर आलो हे त्या पुकाऱ्यावरूनच कळायचं. शतकं ही मुलं पायांनी शिकली होती, मी चिंचोके मांडायच्या कितीतरी आधी. आणि सहाशेनंतरच्या शंभराव्या पावलाला काशीबाय बोट वर करून उभी राहायची, रांग उभी राहायची, सगळे गप्प. मी दर वेळी मागे उभा राहून घड्याळ बघत असे, उशीर होतोय म्हणून.

तिने कारण सांगितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. मला साहेबांची धास्ती होती. दुसरीच्या मुलांना शंभराच्या टप्प्याने हजारापर्यंत मोजता आलंच पाहिजे, आणि साहेब नेमकं तेच विचारतात असं मी ऐकलं होतं. साहेबांपुढे बारा मुलं एकदम गप्प होऊन खिडकीबाहेर पाहू लागली तर शेरा काय पडणार? मग मी जे केलं ते लिहायला आजही लाज वाटते. मी लिमलेटच्या गोळ्या आणल्या. सहाशेनंतर मी टाळी वाजवायची, आणि जो मोठ्याने सातशे म्हणेल त्याला गोळी. पहिल्या दिवशी एकही पुढे आला नाही. चौथ्या दिवशी दोन मुलं पुटपुटली. पंधरवड्याने अकरा मुलं छप्पर उडेल अशी ओरडू लागली. एकटी सुगंधा तोंड मिटून बसायची. तिच्या वाट्याची गोळी मी तिला द्यायला गेलो, तर तिने हात मागे घेतले.

साहेब यायचे त्या दिवशी अमावस्येचं उधाण होतं आणि धुकं असं की अंगणातली तुळसही दिसेना. काशीबाय तापाने फणफणली होती. गोधडीतूनच म्हणाली, “आज बांधानं नको जावा. मिठागरानं जावा.”

“मिठागराने तास-दीड तास जास्त लागेल. साहेब दहाला येणार.”

तिने गोधडी अंगाभोवती ओढून घेतली. “मग त्या ठिकानी गप रावा. येवढा तरी करा.”

मी हो म्हटलं. करायचं मनात नव्हतं.

रांगेच्या पुढे मी, माझ्या मागे सुगंधा, तिच्या मागे बाकीचे. मी ठरवलं होतं की आज चालता चालता सरावही करून घ्यायचा. “जोरात,” मी म्हणायचो, आणि मुलं जोरात ओरडायची. शंभर. दोनशे. धुक्यात आवाज जवळच विरून जात होते, कापसात टाचणी टोचावी तसे. उजव्या हाताला भरती चढलेली होती, पण पाणी दिसत नव्हतं, नुसता खारट वास. पाचशे. सहाशे. मी मनात पुढची पावलं मोजू लागलो, टाळीसाठी हात तयार ठेवले. सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी.

तेव्हा समोरून आवाज आला, “सातशे.”

बारीक, लहान मुलाचा. ओरडलेला नव्हे. सावकाश, सांगून ठेवावं तसा.

मला वाटलं कुणीतरी चावटपणा करून पुढे पळालं. “कोण रे पुढे गेलं?” मी चिडून मागे वळलो आणि डोकी मोजली. बारा. परत मोजली. बाराच. सगळी माझ्या मागे, आणि बांधावर माझ्या शेजारून पुढे जायला जागाच नव्हती. सुगंधा मटकन खाली बसली होती. मला म्हणाली, “अजून झाला नाय मास्तर. अजून वीस पावलं हायत.”

मागे पाहिलं तर बाराही मुलांनी एकेक बोट वर धरलं होतं. लिमलेटच्या गोळ्यांनी जे पुसलं असं मला वाटलं होतं ते पुसलं गेलंच नव्हतं. आणि त्या शांततेत मला ते ऐकू आलं. पायाखाली, थोडं पुढे, बांधाच्या पोटात पाणी बोलत होतं. गुडगुड, मग थोडं थांबून पुन्हा गुडगुड. मी काखेतली छत्री हातात घेऊन पाऊल पाऊल पुढे सरकलो आणि छत्रीचं टोक समोरच्या मातीत दाबलं. माती भाकरीच्या पापुद्र्यासारखी आत गेली. वरून अखंड दिसणारा बांध आतून पोखरून पाण्याने रिकामा केला होता. माझ्या डोळ्यांदेखत बैलगाडी जाईल एवढा तुकडा खाली बसला आणि खाडी आत आली.

मुलांना उलटं फिरवलं. परतताना कुणी मोजलं नाही.

काही वर्षांनी विज्ञान शिकवणाऱ्या एका मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, दाट धुक्यात आवाज कुठून येतो याचा अंदाज चुकतो, मागचं एखादं मूल पुटपुटलं असेल आणि तुला ते पुढून वाटलं असेल. मी त्याचं म्हणणं मान्य केलं. अजूनही चारचौघांत मान्यच करतो.

गावाच्या तोंडाशी काशीबाय गोधडी पांघरून उभी होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवून बारा मोजले, मग माझ्या डोक्यावरही ठेवला. गावातले बापे, म्हणजे पुरुष, माती-पेंढा घेऊन बांधाला पडलेलं खांड बुजवायला धावले. मी तिला आवाजाचं सांगितलं. मला वाटलं होतं ती घाबरेल, किंवा मला वेड्यात काढील.

“बारीक होता?” तिने विचारलं.

“हो.”

“घाईत होता का?”

“नाही. अगदी सावकाश.”

तिने मान हलवली. “नामदेव हलूच बोलायचा,” ती म्हणाली.

तो तिचा धाकटा मुलगा होता. आपल्या नवव्या वर्षी तो रांगेत सगळ्यांत पुढे असायचा, कारण त्याला मोजायला आवडायचं. तेव्हा सगळे आकडे मोठ्याने पुकारायचे. एका धुक्याच्या दिवशी पोरं अशीच गलका करत, मोजत गेली, बांधाच्या पोटातलं पाणी कुणाला ऐकू आलं नाही. सातशेचा पुकारा व्हायचा तिथेच बांध खाली बसला, आणि पुढचा होता तेवढाच गेला. त्या दिवसापासून ती रोज मुलांच्या पुढे चालायची आणि त्या जागी सगळं गाव गप्प राहायचं. आधी बांधावर, मग मासळी मोजतानाही, मग कुठेही. एवढं सांगून तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “चला. साहेब निघून जाईल तुमचा.”

मी म्हटलं, “आता कशाला? मी तुमच्या बारा पोरांना...”

“परत आनलीस ना?” तिने मला पहिल्यांदाच तू म्हटलं. “मग चल.”

ताप अंगात घेऊन ती मुलांसह मिठागराच्या वाटेने आली. आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. साहेब सायकलवर बसायच्या बेतात होते. आमचे चिखलाने भरलेले पाय बघून म्हणाले, “मास्तर, शाळा खाडीत भरवता का? मी मासे घेऊन जायचे की हजेरीपट?” मी बांधाचं सांगितलं, आवाजाचं नाही. ते जरा नरमले. वर्गात आले, खुर्ची ओढली आणि नेमकं तेच विचारलं.

“शंभर, दोनशे, तीनशे, चारशे, पाचशे, सहाशे,” मुलं म्हणाली. आणि थांबली. बारा बोटं वर गेली. माझ्या खिशात लिमलेटची पुडी होती आणि हात टाळीला शिवशिवत होते. वडिलांचं वाक्य कानात वाजत होतं. मी हात पाठीमागे बांधले. खिडकीबाहेर धुकं निवळलं होतं, दूर बांधावर माणसं मुंग्यांसारखी काम करत होती. “आठशे, नऊशे, हजार,” मुलं म्हणाली.

साहेबांनी पेन्सिल कानामागे खोचली. “सातशे राहिले, मास्तर.”

मी तोंड उघडणार तोच दारातून काशीबाय म्हणाली, “राहिला नाय साहेब. ठेवलाय.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मुलांच्या अजून पुरत्या खाली न आलेल्या बोटांकडे. त्यांनी सुगंधाला पाटीवर आकडा लिहायला सांगितला, तिने लिहिला. आणखी काही त्यांनी विचारलं नाही. ते कुठल्या गावचे होते, त्यांनी काय ओळखलं, मला कधीच कळलं नाही. शेरेबुकात एकच ओळ होती: मुलांना शतकांची मोजणी उत्तम येते. त्या ओळीवर माझी नोकरी उभी राहिली, माझ्या बहिणींची शिक्षणं झाली, वडिलांची पाठ मोकळी झाली. पुढे कित्येक शाळांत मी कित्येक मुलांना शंभराने मोजायला शिकवलं, आणि दर वेळी चिंचोके मांडायच्या आधी त्यांना मैदानावर चालवलं. सहाशेनंतर मी गप्प उभा राहायचो. मुलं मला चिडवायची, “सर विसरले.” मी हसायचो आणि कान देऊन ऐकायचो.

गेल्या थंडीत काशीबायला मी एक पत्र पाठवलं. त्याची नक्कल इथे देतो.

ती. काशीबाय यांस,

सा. न. वि. वि. हे पत्र सुगंधा तुम्हाला वाचून दाखवील. सुगंधा, सावकाश वाच, आजीला आता कमी ऐकू येतं.

मागच्या आठवड्यात मी आपल्या गावाच्या बाजूला जाऊन आलो. आत सोडत नाहीत. भरावाच्या कुंपणाबाहेरून रस्ता जातो, त्यावर अंदाजाने उभा राहिलो आणि पावलं मोजत निघालो. शंभर, दोनशे, तुम्ही पुकारायचात तसं. सहाशेनंतर शंभर पावलं टाकून थांबलो आणि बोट वर केलं. तिथला पहारेकरी म्हणाला, “काका, काय हरवलं का?” मी नाही म्हटलं. खूप वेळ उभा होतो. पाण्याचा आवाज आला नाही. दुसराही आला नाही. मला त्या जागेची इतकी वर्षं भीती वाटायची, पण त्या दिवशी वाटली ती निराळीच. वाटलं, एवढी माती टाकली, आता नामदेवने जायचं कुठे?

पण मी पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. माझी नात पहिलीत आहे. फोनवर बघून अंक शिकते, मी तिला शतकं अजून शिकवलेली नाहीत. काल ती जिन्याच्या पायऱ्यांवर एकटीच खेळत होती. शंभर, दोनशे, तीनशे. मी दारात चपला शोधत होतो. सहाशे म्हणाली आणि थांबली. मी पाहिलं तर मान कलती करून, बोट वर धरून उभी. कदाचित मी कधीतरी तिच्यासमोर मोजलं असेन. मला आठवत नाही. मी विचारलं, “बाळा, काय झालं?” तर मला म्हणाली, “श्श, तो मोजतोय.”

काशीबाय, तो हरवलेला नाही. हे तुम्हाला सांगायला कुणीतरी हवं होतं, आणि तुमच्याखेरीज मला हे सांगायला कुणी नाही.

सुगंधा, आता वाचायचं थांब. आजीकडे बघ. तिने बोट वर केलं असेल. ती खाली घेईपर्यंत पुढची ओळ वाचू नको.

आठशे.

तुमचा,
मास्तर